म्हशीचं इंजेक्शन, बाईचं इंजेक्शन

पोस्ट मोठी आहे, आधीच सांगतो. सवडीने वाचा, पण पूर्ण वाचा.

२०१८ च्या उन्हाळ्यात मी एक बातमी लिहिली होती. केंद्र सरकारने ऑक्सिटोसिनच्या इंजेक्शनवर कडक निर्बंध आणले होते. खासगी कंपन्यांनी देशात विकण्यासाठी ते बनवायचं नाही, परदेशातून आणायचं नाही, फक्त एका सरकारी कंपनीने बनवायचं. आमच्या भागात हे ‘म्हशीचं इंजेक्शन’ म्हणूनच ओळखलं जातं. पान्हा चोरणाऱ्या म्हशीला टोचलं की दोन-चार मिनिटांत दूध मोकळं. त्यामुळे मी मथळा दिला, ‘म्हशींच्या इंजेक्शनला अखेर लगाम’. डेस्कने तीन कॉलम दिले, सोबत म्हशीचा फोटो टाकला. मी खूश.

दुसऱ्या दिवशी सकाळी साडेसातला फोन. आमच्या प्राथमिक आरोग्य केंद्रातून निवृत्त झालेल्या सिस्टर. आसपासच्या गावांतली निम्मी पोरं त्यांच्या हातावर जन्मलीत. मला लहानपणापासून ओळखतात, त्यामुळे ‘पत्रकार साहेब’ वगैरे भानगड नाही.

‘‘अरे, म्हशीचा फोटो छापलास. बाईचा कुठंय?’’

मला कळेना. म्हणालो, ‘‘सिस्टर, बातमी दुधाची आहे.’’

‘‘तेच तर म्हणते. ते बाळंतिणीचं औषध आहे. उद्या ते मिळालं नाही तर बाई रक्त जाऊन मरेल. आणि कुणाच्याही हातात मिळालं, तरी मरेल. जमलं तर हे दोन्ही लिही.’’

मिळालं नाही तरी मरेल आणि मिळालं तरी मरेल, हे काय कोडं? त्या दिवसापासून जमेल तसं वाचत गेलो. मी डॉक्टर नाही, पत्रकारितेचा डिप्लोमा केलेला तालुक्याचा बातमीदार. पण वाचता वाचता लक्षात आलं की हे कोडं दोनशे वर्षं जुनं आहे, आणि जगाने ते सोडवून पुन्हा पुन्हा विसरून टाकलंय. तीच गोष्ट आज सांगतो.

आधी पिशवीचं गणित

गर्भाशय म्हणजे स्नायूंची पिशवी. नऊ महिने ती बऱ्यापैकी शांत असते. दिवस भरत येतात तसा तिच्यात एक बदल होतो. ऑक्सिटोसिन ओळखणाऱ्या जागा, म्हणजे त्या चावीची कुलपं म्हणा, पिशवीच्या स्नायूंवर कित्येक पटींनी वाढतात. चावी मेंदूत तयार होते आणि मेंदूच्या तळाशी असलेल्या पियुषिका ग्रंथीच्या मागच्या भागातून रक्तात सुटते. ती कुलपाला लागली की स्नायूच्या पेशीत कॅल्शियम वाढतं आणि स्नायू आवळतो. ही झाली कळ.

कळ आली की बाळाचं डोकं पिशवीच्या तोंडावर दाबतं. तो ताण नसांमधून मेंदूपर्यंत जातो आणि मेंदू आणखी ऑक्सिटोसिन सोडतो. मग पुढची कळ जोरात. शरीरातल्या बहुतेक गोष्टी वाढल्या की ब्रेक लागतो, इथे उलटं आहे. बाळ बाहेर येईपर्यंत चक्र स्वतःच स्वतःला ढकलत राहतं. फर्ग्युसन नावाच्या डॉक्टरने १९४१ मध्ये सशांवर प्रयोग करून हे दाखवलं, म्हणून त्याला ‘फर्ग्युसन रिफ्लेक्स’ म्हणतात.

आता महत्त्वाचं. कळ चालू असताना पिशवीच्या भिंतीतल्या रक्तवाहिन्या दाबल्या जातात. तेवढा वेळ बाळाला रक्त आणि प्राणवायू कमी मिळतो. दोन कळांच्या मधे पिशवी सैल पडते तेव्हा बाळ श्वास घेतं म्हणा ना. म्हणजे बाळ आत असताना कळेइतकीच मधली उसंत मोलाची. उसंत संपली की बाळ गुदमरतं. आणि वाट अडलेली असताना कळा वाढवत नेल्या तर पिशवी फाटू शकते. आधी सिझर झालेलं असेल तर ती भीती जास्त.

बाळ बाहेर आलं, वार पडली, की हे सगळं गणित पालटतं. दिवस भरलेल्या पिशवीतून मिनिटाला अर्धा लिटर किंवा त्याहून जास्त रक्त वाहत असतं. वार जिथून सुटली तिथल्या रक्तवाहिन्यांची तोंडं उघडी पडतात. त्यांना टाके कोण घालणार? पिशवीचे उभे-आडवे विणलेले स्नायूच आवळून त्यांची तोंडं बंद करतात. हाताला पिशवी नारळासारखी टणक लागली पाहिजे. सैल राहिली तर रक्त थांबत नाही. बाईच्या अंगात रक्त साधारण पाच लिटर. हिशोब तुम्हीच करा, किती मिनिटं हातात आहेत.

म्हणजे आवळणं तेच. बाळ आत असताना मधे उसंत हवी, बाळ बाहेर आल्यावर उसंत नको. सिस्टरांच्या कोड्याचं उत्तर इथे आहे. आता हे उत्तर माणसाला कधी कळलं आणि कधी विसरलं, ते बघू.

दोनशे वर्षांपूर्वीची बुरशी

शेतकरी मित्रांना बाजरीवरचा अरगट माहीत असेल. कणसातून चिकट थेंब गळतात, मग दाण्याच्या जागी काळपट कडक गाठी येतात. तशीच एक बुरशी युरोपात राय नावाच्या धान्यावर येते. तिथल्या सुइणींना ठाऊक होतं की या काळ्या गाठींची पूड दिली की अडलेल्या बाईला जोरात कळा येतात.

१८०८ मध्ये अमेरिकेतल्या न्यूयॉर्क राज्यातले डॉक्टर जॉन स्टर्न्स यांनी एका पत्रातून ही पूड डॉक्टर मंडळींच्या कानावर घातली. बाई लवकर मोकळी होते, डॉक्टरचा वेळ वाचतो. मग काय, जो तो देऊ लागला. तिला लॅटिनमध्ये नाव पडलं ‘बाळंतपणाची पूड’.

पंधरा-वीस वर्षांतच न्यूयॉर्कचे डॉक्टर डेव्हिड होसॅक यांनी धोक्याची घंटा वाजवली. ही पूड आल्यापासून मेलेली बाळं जन्मण्याचं प्रमाण वाढलंय. तिला बाळंतपणाची पूड कशाला म्हणता, बाळाच्या दृष्टीने ती मरणाचीच पूड आहे, असा त्यांच्या म्हणण्याचा रोख. त्यांचा सल्ला काय होता? बाळ आत असताना देऊ नका. बाळंतपणानंतरचं रक्त थांबवायला द्या.

१८२० च्या दशकात, म्हणजे ऑक्सिटोसिन हा शब्दही जन्मला नव्हता तेव्हा, सिस्टरांचं उत्तर कुणीतरी लिहून ठेवलं होतं.

बैलाच्या मेंदूतून अँप्युलमध्ये

पुढचं शतक उजाडलं. १९०६ मध्ये लंडनमध्ये हेन्री डेल हा तरुण शास्त्रज्ञ याच अरगटवर काम करत होता. प्रयोगांच्या ओघात त्याने बैलाच्या पियुषिका ग्रंथीचा अर्क मांजरीला दिला आणि तिचं गर्भाशय आवळलं. शोध जवळजवळ वाटेत सापडला. या डेलना पुढे १९३६ मध्ये नोबेल मिळालं, पण ते नसांच्या रसायनांवरच्या कामासाठी.

१९०९ मध्ये लिव्हरपूलच्या ब्लेअर-बेल या स्त्रीरोगतज्ज्ञांनी हा अर्क बायकांमध्ये वापरल्याचं प्रसिद्ध केलं. त्यांचा भर कशावर होता? सैल पडलेली पिशवी आवळण्यावर. पण दोनच वर्षांत, १९११ मध्ये, हॉफबाउर नावाच्या डॉक्टरांनी बाळ आत असताना, मंदावलेल्या कळा वाढवण्यासाठी हाच अर्क वापरल्याचं लिहिलं. लगेच तीच जुनी लाट. कळा मंद आहेत? टोचा. पिशवी फाटल्याच्या, बाळं दगावल्याच्या तक्रारी येऊ लागल्या.

यात आणखी एक गोची होती. कत्तलखान्यातून आणलेल्या ग्रंथींचा अर्क, त्यामुळे एका बाटलीत ताकद कमी, दुसरीत जास्त. आज इंजेक्शनच्या छोट्या काचेच्या कुपीवर ‘५ युनिट’, ‘१० युनिट’ लिहिलेलं असतं, ते ‘युनिट’ त्या काळातलं आहे. ग्रंथीची वाळवलेली प्रमाणित पूड घ्यायची, तिच्या अर्ध्या मिलिग्रॅमची जेवढी ताकद तेवढं एक युनिट. गिनीपिगच्या गर्भाशयाचा तुकडा किती आवळतो यावरून ताकद मोजत. म्हणजे एवढ्या जहाल औषधाचं माप ठरवायलाही वर्षं गेली, आणि तोवर ते वापरात होतंच.

१९२८ मध्ये अमेरिकेत पार्क-डेव्हिस कंपनीच्या ऑलिव्हर काम आणि सहकाऱ्यांनी या अर्कातली दोन द्रव्यं वेगळी केली. एक रक्तदाब वाढवणारं, दुसरं पिशवी आवळणारं. ऑक्सिटोसिन हा शब्दच ग्रीक भाषेतून आलाय, अर्थ ‘झटपट जन्म’. नावातच घाई आहे, बघा.

मग न्यूयॉर्कच्या कॉर्नेल वैद्यकीय महाविद्यालयात व्हिन्सेंट द्यू व्हिन्यो यांनी त्याची रचना उलगडली. अवघ्या नऊ अमिनो आम्लांची साखळी. १९५३ मध्ये त्यांनी ती प्रयोगशाळेत जोडून दाखवली. या जातीचं हार्मोन माणसाने पहिल्यांदाच कृत्रिमरीत्या बनवलं होतं. १९५५ चं रसायनशास्त्राचं नोबेल त्यांना मिळालं. बैल सुटला, औषध शुद्ध झालं, स्वस्त झालं, जगभर गेलं.

थेंब मोजणारा माणूस

औषध शुद्ध झालं तरी प्रश्न उरलाच. शरीर ऑक्सिटोसिन थोडं थोडं सोडतं आणि रक्तातलं काही मिनिटांत निम्मं होतं. आपण मात्र कमरेत इंजेक्शन ठोकतो. ठोकलं ते ठोकलं, परत काढता येत नाही.

यावर तोडगा १९४८ मध्ये इंग्लंडमधल्या ब्रॅडफर्डच्या थिओबाल्ड यांनी लिहिला. सलाईनच्या बाटलीत अगदी पातळ करून थेंब थेंब सोडायचं. कळा जास्त झाल्या, थेंब कमी करा. बाळाचे ठोके घसरले, थेंब बंद करा. काही मिनिटांत असर उतरतो. पुढे दक्षिण अमेरिकेतल्या उरुग्वे देशात, माँटेव्हिडिओ शहरात काल्देरो-बार्सिया आणि आल्वारेझ यांनी कळांचा जोर आकड्यांत मोजायची पद्धत बसवली. आजही कळा ‘माँटेव्हिडिओ युनिट’मध्ये मोजतात.

मग येतं डब्लिन. आयर्लंडच्या राष्ट्रीय प्रसूती रुग्णालयाचे किएरन ओड्रिस्कॉल यांनी १९६० च्या दशकात एक पद्धत सुरू केली. पहिलटकरणीचं बाळंतपण रेंगाळू द्यायचं नाही, गरज पडली तर लवकर ऑक्सिटोसिनची बाटली लावायची. पण त्या पद्धतीत दुसरी अट तेवढीच ठळक होती. प्रत्येक बाईजवळ शेवटपर्यंत एक नर्स बसेल. फक्त तिच्याजवळ.

जगाने डब्लिनकडून काय उचललं? बाटली उचलली. नर्स तिथेच राहिली.

हे वाक्य लिहिताना मला आपल्याकडच्या बाळंतपणाच्या खोल्या दिसतात. रात्री चार बायका टेबलावर, चौघींना कळांची बाटली, आणि एकच सिस्टर. तिनेच ठोके बघायचे, थेंब मोजायचे, रजिस्टर भरायचं, बाहेर नातेवाइकांना उत्तरं द्यायची. थेंब मोजणारा माणूस हा त्या औषधाचा अर्धा भाग आहे. तोच वजा केला तर उरतं काय?

सिस्टरांच्या दोन बाया

त्यांच्या फोननंतर महिनाभराने मी सिस्टरांच्या घरी गेलो. चहा झाला. विचारलं, ‘‘तुम्ही त्या दिवशी एवढ्या का चिडलात?’’

त्यांनी नव्वदच्या दशकातला एक पावसाळा सांगितला. एका वस्तीवर पहिलटकरीण. कळा सुरू होऊन रात्र झाली, बाळ येईना. घरच्यांनी गावात सुई टोचणाऱ्या एकाला बोलावलं. त्याने एक इंजेक्शन दिलं, तासाने दुसरं दिलं. कळा अशा लागल्या की मधे थांबेचनात. सकाळी बाई केंद्रात आली तेव्हा बाळाचे ठोके नव्हते. बाई वाचली. बाळ चांगलं तीन किलोचं होतं.

त्याच पावसाळ्यात दुसरी. घरी सुखरूप बाळंत झाली, वार पडली, पण रक्त थांबेना. ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत गोधडीवर घालून आणली. गोधडी चिंब. डॉक्टरांनी तेच इंजेक्शन द्यायला सांगितलं. सिस्टरांनी दिलं, आणि पोटावरून पिशवी चोळत राहिल्या. ‘‘हाताखाली ती हळूहळू टणक होत गेली. मला आजही हाताला ते आठवतं.’’ त्या बाईचा मुलगा आज रिक्षा चालवतो.

‘‘औषध एकच होतं,’’ सिस्टर म्हणाल्या, ‘‘आता तू सांग, बंदी कशावर घालायची?’’

पहिल्या बाईसारख्या घटना एकट्यादुकट्या नव्हत्या. उत्तर प्रदेशात घरच्या बाळंतपणांत देखरेखीविना ही इंजेक्शनं कशी दिली जातात, यावर पॅट्रिशिया जेफरी, अभिजित दास आणि सहकाऱ्यांचा अभ्यास २००७ मध्ये प्रसिद्ध झाला. घरच्यांना वाटतं, कळा जास्त म्हणजे ताकद जास्त. सुई देणाऱ्याला पैसे मिळतात. बाळाचे ठोके ऐकायला कुणी नसतं.

मग म्हैस कुठून आली?

पान्हा सोडवणारं हार्मोन हेच. पियुषिकेच्या अर्काने शेळीचं दूध मोकळं होतं हे १९१० मध्येच ऑट आणि स्कॉट यांनी दाखवलं होतं. वासरू किंवा रेडकू आचळाला लागलं की जनावराच्या मेंदूतून तेच सुटतं. रेडकू मेलं, विकलं, की म्हैस पान्हा चोरते. मग माणूस सुई घेतो. रोज दोन वेळा.

दुभत्या जनावरावरचा हा जुलूम इंजेक्शनच्याही आधीचा आहे. पूर्वी ‘फुका’ नावाचा अघोरी प्रकार होता. प्राण्यांना क्रूरतेने वागवण्यास प्रतिबंध करणाऱ्या १९६० च्या कायद्याच्या १२ व्या कलमात फुक्याबरोबर दूध वाढवण्यासाठी अपायकारक इंजेक्शन देणंही गुन्हा ठरवलंय. म्हणजे कायदा होताच. अंमलबजावणीचं विचारू नका. गोठ्यात जाणारा माल बहुतेकदा औषध कंपनीचा नसतोच. लेबल नसलेल्या प्लास्टिकच्या बाटल्या असतात, चोरून बनवलेल्या. दूध पिणाऱ्याचं काय, असं लोक विचारतात. ऑक्सिटोसिन हे प्रथिनाच्या जातीचं, ते आपल्या पोटात पचून जातं. जनावराचे हाल मात्र खरे.

२०१६ मध्ये हिमाचल प्रदेश उच्च न्यायालयाने या गैरवापराची दखल घेतली आणि हे औषध फक्त सरकारी कंपन्यांनी बनवावं असं सुचवलं. त्यानंतर २७ एप्रिल २०१८ ची केंद्राची अधिसूचना आली. कर्नाटक अँटिबायोटिक्स अँड फार्मास्युटिकल्स ही एकच सरकारी कंपनी साऱ्या देशाला इंजेक्शन पुरवणार. माझी म्हशीची बातमी ती हीच.

एवढ्या मोठ्या देशातली बाळंतपणं, आणि सगळी भिस्त एका कंपनीवर. यंत्र बिघडलं तर? एक खेप खराब निघाली तर? औषध कंपन्या कोर्टात गेल्या, त्या जाणारच, त्यांचा धंदा होता. पण ऑल इंडिया ड्रग अ‍ॅक्शन नेटवर्क ही लोकांच्या औषधहक्कासाठी काम करणारी संघटनाही गेली. बंदी लागू करायची तारीख आधी १ जुलै होती, ती १ सप्टेंबरवर गेली, आणि अखेर १४ डिसेंबर २०१८ रोजी दिल्ली उच्च न्यायालयाच्या न्या. रवींद्र भट आणि न्या. ए. के. चावला यांच्या पीठाने अधिसूचना रद्द केली. निर्णय मनमानी आहे, त्याला पुरेसा शास्त्रीय आधार नाही, आणि बाळंतिणींना औषध कमी पडलं तर काय होईल याचा विचारच झालेला नाही, असा निकालाचा गाभा. सरकार सर्वोच्च न्यायालयात गेलं. २०१९ मध्ये तिथे प्रकरण मोठ्या पीठाकडे सोपवलं गेलं.

त्या निकालाची बातमी आमच्या आवृत्तीत आतल्या पानावर, एका कॉलमात आली. म्हशीला तीन कॉलम, बाईला एक. तेव्हा डेस्कशी भांडायला हवं होतं, मी भांडलो नाही.

ज्या बायका दिसत नाहीत

महानिबंधक कार्यालयाने १९९७ ते २००३ या काळातल्या मातामृत्यूंचा अहवाल काढला होता. त्यात १०० पैकी ३८ माता रक्तस्रावाने गेल्या होत्या. त्यानंतर चित्र खूप सुधारलं. २००४-०६ मध्ये देशात लाख जिवंत जन्मांमागे २५४ माता दगावत होत्या, २०१८-२० मध्ये ९७. महाराष्ट्रात ३३. यात १०८ ची गाडी आहे, दवाखान्यातली बाळंतपणं आहेत, रक्तपेढ्या आहेत, आशाताई आहेत. आणि बाळ बाहेर येताच मांडीत दिलं जाणारं १० युनिट ऑक्सिटोसिन आहे. जागतिक आरोग्य संघटना हे प्रत्येक बाळंतपणात द्यायला सांगते.

या औषधाची एक दुखरी बाजू आहे. ते थंडीत ठेवावं लागतं, साधारण २ ते ८ अंशांत. आमच्याकडे एप्रिलमध्ये पारा ४३ ला जातो आणि लाईट सहा-सहा तास जाते. कुपी दिसते तशीच, पाण्यासारखी. पण ताकद उतरलेली असते. सिस्टर सुई देतात, पिशवी ऐकत नाही.

यावरचे पर्यायही आपल्या आसपासच तपासले गेलेत. बेळगाव जिल्ह्यातल्या खेड्यांत १,६२० बायकांवर झालेला अभ्यास २००६ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये आला. बाळंतपण होताच नर्सने मिसोप्रोस्टॉलच्या गोळ्या दिल्या. फ्रीज नको, सुई नको. जास्त रक्त जाण्याचं प्रमाण १२ टक्क्यांवरून ६.४ टक्क्यांवर आलं. २०१८ मध्ये, बंदीची चर्चा चालू होती त्याच दिवसांत, कार्बेटोसिन या उन्हात टिकणाऱ्या औषधाचा मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला. भारतासह १० देश, जवळपास ३० हजार बायका. रक्तस्राव रोखण्यात ते ऑक्सिटोसिनच्या तोडीचं ठरलं. या गोष्टींना आमच्या पेपरात जागा मिळाली नाही. मलाही तेव्हा माहीत नव्हत्या.

आता तुम्ही काय करायचं?

पत्रकाराने सल्ले देऊ नयेत, पण प्रश्न विचारायला शिकवणं आमचं कामच आहे. घरात कुणी गरोदर असेल तर हे प्रश्न लिहून ठेवा.

एक. कळांची बाटली लावताय, तर कारण काय? २०१८ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने स्पष्ट केलंय की पिशवीचं तोंड तासाला एक सेंटिमीटर उघडलंच पाहिजे असं काही नाही. तोंड पाच सेंटिमीटर उघडल्यानंतरही पहिलटकरणीला बारा तासांपर्यंत लागू शकतात. आई आणि बाळ ठीक असतील तर नुसता उशीर हे कारण पुरत नाही. आणि आपणही डॉक्टरांच्या मागे ‘लवकर मोकळी करा हो’ म्हणून लागतो, ते आधी बंद करू.

दोन. बाटली लावल्यावर बाळाचे ठोके कोण बघणार, किती वेळाने बघणार? गरज पडली तर सिझरची सोय इथे आहे का?

तीन. आधीचं सिझर असेल तर न विचारता सांगा.

चार. बाळ झाल्याबरोबर रक्त थांबवायचं इंजेक्शन दिलं का? ते फ्रीजमध्ये होतं का?

पाच. घरी येऊन कुणी कळांची सुई देतो म्हणाला तर त्याला उंबऱ्याच्या आत घेऊ नका. १०८ ला फोन लावा.

आणि गावातल्या पुढाऱ्यांसाठी सहावा. तुमच्या आरोग्य केंद्रातला फ्रीज चालतो का? रात्री किती सिस्टर असतात? ग्रामसभेत विचारा. केंद्राला रंग कधी देणार, हे नंतर विचारलं तरी चालेल.

मागच्या आठवड्यात सिस्टरांकडे जाऊन हे लिखाण वाचून दाखवलं. आता त्यांना नीट दिसत नाही. सगळं ऐकून घेतलं. होसॅकचं सांगितलं तेव्हा हसल्या. ‘‘म्हणजे दोनशे वर्षांपूर्वीच सांगितलं होतं म्हण की त्या माणसाने.’’

म्हणालो, ‘‘हो, पण कुणी ऐकलं नाही.’’

‘‘मग तू परत सांग,’’ त्या म्हणाल्या. ‘‘आणि या वेळी म्हशीचा फोटो टाकू नकोस.’’

टाकलेला नाही.